मनाच्या दुखापतीचा केसपेपर

‘अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात हाडाला भाव असतो, मनाला नाही,’ असं सोसायटीतल्या एका काकांनी मला हॉस्पिटलातच ऐकवलं होतं. ते निम्मंच खरं निघालं.

मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते आणि पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसचे हिशेब बघते. रोज आग्रा रोडने स्वतःच्या गाडीने जाणं-येणं. सप्टेंबर २०२३ मध्ये दहाव्या मैलाजवळ टोमॅटोने भरलेली एक पिकअप बाजूच्या रस्त्याने न थांबता हायवेवर घुसली आणि थेट माझ्या दारावर आदळली. कॉलरबोन मोडलं, कपाळाला टाके पडले. कॅरेट फुटून टोमॅटो तुटलेल्या काचेतून आत आले होते. लोकांनी दार उचकटेपर्यंत मी त्या लगद्यात बसून होते.

हाड जुळलं आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. माझं मात्र वेगळंच सुरू झालं. फोडणीत टोमॅटो पडला की हात गार पडायचे, छातीत धडधड. रिक्षात बसलं तरी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मी पाय दाबून धरायची, जणू ब्रेक माझ्याच पायाखाली आहे. रात्री झोप लागली की तोच आवाज. सासूबाई एका शब्दाने काही बोलल्या नाहीत, पण आमटीत टोमॅटोऐवजी आमसूल पडायला लागलं. त्यांच्याइतकं माझं दुखणं तोवर कोणालाच कळलं नव्हतं. बाकीचे ‘देवाने वाचवलं, आता विसर’ या मताचे.

महिना उलटला तरी फरक पडेना म्हणून मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं, अपघातानंतर पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे. महिन्याच्या पुढे तसंच राहिलं, माणूस तो रस्ता, तो विषयच टाळायला लागला, तर त्याला पीटीएसडी म्हणतात आणि त्यावर इलाज आहे. गोळी सुरू झाली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी ती मध्येच सोडली असती. सोबत समुपदेशन. तिथल्या मॅडमनी भीतीच्या पायऱ्या पाडून दिल्या: आधी पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून नुसतं स्टिअरिंगवर बसायचं, मग जॉगिंग ट्रॅकपर्यंत, मग मुंबई नाका, द्वारका चौक, आडगाव नाका. एका पायरीवर घाम सुटायचा थांबल्याशिवाय पुढची नाही. द्वारकेला मी फार काळ अडकले. तिथल्या ट्रॅफिकमध्ये धडधाकट माणसाचाही जीव मेटाकुटीला येतो, माझं काय घेऊन बसलात!

दाव्याचं काम याच काळात चालू होतं. पिकअपच्या विमा कंपनीकडून एक गृहस्थ घरी आले. गोड बोलणं, हातात तयार फॉर्म: सही केली की गंभीर दुखापतीचे अडीच लाख, चूक कोणाची हे सिद्ध करायची कटकट नाही. कायद्यात तशी तरतूद खरंच आहे. फक्त ते पैसे स्वीकारले की मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला, म्हणजे अपघाताच्या भरपाईसाठीच्या कोर्टातला, दावा संपतो, एवढं ते सांगायचं विसरले. मी फॉर्म ठेवून घेतला आणि सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेले. बायकांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हे अनेकींना माहीतच नसतं.

मला मिळालेल्या वकीलताईंनी पहिल्यांदा तारीख विचारली. १ एप्रिल २०२२ पासूनच्या अपघातांना सहा महिन्यांत दावा लावायची मुदत कायद्यात घातली आहे. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा, असाही नियम आहे. नियमाच्या भरवशावर बसू नका, म्हणाल्या. मग एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पिकअपचं आरसी बुक आणि विमा पॉलिसी यांच्या नकला मी अर्ज देऊन मिळवल्या.

माझ्या फाइलमध्ये एक्स-रे आणि बिलं होती. ताईंनी विचारलं, ‘मनाच्या डॉक्टरांचे कागद कुठे आहेत?’ ते मी घरी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवले होते. त्यांनी सुप्रीम कोर्टाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल दाखवला. दुखापतीच्या दाव्यात भरपाई कोणकोणत्या सदरांखाली मोजायची, ते त्यात लिहिलंय आणि वेदना, यातना, आघात हे त्यातलं एक सदर आहे. पण सदर असून भागत नाही, त्याखाली लिहायला कागद लागतो. केव्हापासून त्रास, कोणती गोळी, कामावर कधी जाता आलं नाही, हे प्रत्येक भेटीच्या केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात होतं. पॅकहाउसने बिनपगारी रजेचं पत्र दिलं, तेही जोडलं.

मग एक पेच आला. उलटतपासाची तारीख लागली तेव्हा मी पुन्हा गाडी चालवायला लागले होते. नात्यातल्या एकाने सुचवलं, निकाल लागेपर्यंत रिक्षानेच फिर, चालवतेस हे कळलं तर पैसे कापतील. मला राग आला, पण रात्रभर डोक्यात तेच. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘बरं होणं लांबवून दावा लढवायचा नसतो. जो काळ भोगलात, तो कागदावर आहे ना?’

पिंजऱ्यात कंपनीच्या वकिलांचा प्रश्न तोच आला. ‘आपण आज कोर्टात कशाने आलात?’

‘स्वतःची गाडी चालवत.’

‘म्हणजे आता भीती नाही.’

‘आहे. दहाव्या मैलावरून अजून एकटी जात नाही.’

त्यांनी पुढचा प्रश्न बिलांवर नेला. माझे गुडघे मात्र बराच वेळ लटपटत होते. अपघात पहिल्यापासून सांगायचा, तोही तुम्हाला खोटं पाडायला उभ्या असलेल्या माणसासमोर, याची तयारी कोणी करून घेत नाही. मी आदल्या आठवड्यात समुपदेशनात ते सगळं मोठ्याने बोलून घेतलं होतं. तारखेला जाणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सुचवते.

प्रकरण २०२५ मध्ये राष्ट्रीय लोकअदालतीत मिटलं. मागितलं होतं त्यापेक्षा कमी, कंपनीने आधी देऊ केलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त. तिथल्या तडजोडीवर अपील नसतं, म्हणून आकडा पक्का करण्याआधी ताईंनी मला बाहेर बसून विचार करायला लावला. तडजोडीत एकच ठोक रक्कम असते. हाडाचे किती, झोपेचे किती, बुडालेल्या पगाराचे किती, हे वेगवेगळं लिहून येत नाही. मला ते खुपलं. निवाड्यापर्यंत थांबलं तर सदरवार लिहून मिळेल, पण कंपनी त्यावर हायकोर्टात जाऊ शकते, असं ताई म्हणाल्या. मी सही केली.