आधी एक्स-रे की आधी सुई?

विश्रामबागेत आता अपार्टमेंटच अपार्टमेंट झालेत, उन्हाळ्यात खिडक्या उघड्या राहतात आणि आमच्या जनावरांच्या दवाखान्यात पडलेली मांजरं यायला लागतात. मन्या दीड वर्षाचा बोका, कबुतरामागं पाचव्या मजल्यावरून गेला. पडला रात्री, आणला सकाळी, कारण पडल्यावर चालत जिन्याखाली जाऊन बसला आणि शेजारी म्हणाले, "मांजराला काय होत नाही वो, चार पायांवर पडतंय." पडतं चार पायांवरच, पण पाठोपाठ छाती आणि हनुवटीही आपटते ना! त्यात १९८७ ची न्यूयॉर्कची आकडेवारी कुणीतरी मोबाईलवर दाखवतं, उंचावरून पडलेली १३२ मांजरं, ९० टक्के वाचली. अहो, ती दवाखान्यात पोचलेली आणि उपचार मिळालेली, जागेवर मेलेली कोण आणतंय?

मन्या तोंड उघडून श्वास घेत होता, कोपरं बाहेर, मान ताणलेली, हिरड्या राखाडी, नाकाशी सुकलेलं रक्त. मन्याच्या घरचे आजोबा म्हणाले, "आधी एक्स-रे काढा, पैशाचं बघू नका." मी नाही म्हटलं. अशा मांजराला आडवं दाबून धरलं तर ते टेबलावरच जाऊ शकतं. आमच्या डॉक्टरांतल्याही काहींना हे पटत नाही, फिल्म हातात आल्याशिवाय छातीतली हवा काढायची सुई लावायची नाही म्हणतात, मला तो हट्ट चुकीचा वाटतो. स्टेथोस्कोप लावला तर छातीच्या वरच्या भागात श्वासाचा आवाजच नाही, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साठलीय, अजून काय पुरावा पाहिजे?

ऑक्सिजन सुरू केला, वेदनेचं इंजेक्शन दिलं, पोटावरच बसू दिला. मग बटरफ्लाय सुई (पंखवाली, नळी जोडलेली), थ्री-वे म्हणजे तीन तोंडांची तोटी, आणि सिरिंज. सुई बरगडीच्या पुढच्या कडेला लागून घालायची, मागच्या कडेला रक्तवाहिनी असते. आत गेली की छातीच्या भिंतीला समांतर आडवी करायची, नाहीतर फुगत येणाऱ्या फुप्फुसालाच टोचते. हवेनं भरलेल्या सिरिंजा एकामागून एक निघाल्या, मग दुसऱ्या बाजूनं. शेवटी हवा संपली, ओढलेला दट्ट्या आपोआप परत सिरिंजमध्ये आत जायला लागला आणि मन्यानं तोंड मिटलं.

एक्स-रे दुपारी काढला, शांतपणे. लघवी नीट होतेय, मूत्राशय फुटलेलं नाही याची खात्री केली. जबडा हनुवटीत मधोमध सुटलेला, तो नंतर भूल देऊन तारेनं बांधला. टाळूलाही चीर होती, पण बारीक, ती आपोआप भरली.

तार काढायला आले तेव्हा मन्याच्या घरच्या काकूंनी खिडक्यांना जाळी बसवल्याचं सांगितलं. आजोबा मात्र अजून म्हणतात, "एक्स-रे न बघता टोचलं, नशीब म्हणून वाचला."