सावंतवाडीहून सायबाकडे पायी

तेर्स, म्हणजे आमची जपमाळेची प्रार्थना, सावकाश म्हटला तर एका नमान मोरियेला, मारियेच्या वंदनेला, वीस सेकंद लागतात. त्रेपन्न नमान मोरिया, सहा आमच्या बापा, सुरुवातीचा सत्यांगिकार म्हणजे श्रद्धेची कबुली, शेवटची लादाईन म्हणजे मारियेच्या नावांची आळवणी, हे धरून पंचवीस मिनिटं सहज होतात. चालत म्हणताना तेवढ्यात पावणेदोन-दोन किलोमीटर रस्ता मागे पडतो. आम्ही सायबाकडे, म्हणजे जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियरकडे, पायी निघालो होतो. आमच्या पुढारी बाईंनी सावंतवाडी सोडल्यावरचा पहिला तेर्स बारा मिनिटांत संपवला. मागची रांग उत्तराची अर्धी नमान, 'सांता मारिये', म्हणत असतानाच त्यांची पुढची नमान सुरू. शेवटी फक्त आमेन तेवढं सगळ्यांचं एका वेळी आलं.

त्यात टेम्पो. सामान, पाण्याचे कॅन आणि ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी तो लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या टपावर भोंगा बांधलेला आणि त्यावर रेकॉर्ड केलेला तेर्स. भोंगाच विचारतो, भोंगाच उत्तर देतो. मग माणसं काय करणार? कोणी मोबाईल काढतं, कोणी कालच्या मासळीच्या भावावर बोलतं. सायबाच्या नावाने निघालेली तीस-पस्तीस माणसं आणि प्रार्थना करतोय अँप्लिफायर.

बांदा उजाडता उजाडता गेलं. पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापुढे दोन मिनिटं थांबलो, चहा झाला, गोवा लागला.

चार पदरी झाल्यापासून हा महामार्ग चालायला वाईट झालाय. झाडं गेली, सावली गेली. नोव्हेंबरच्या शेवटी पहाटे कानटोपी लागते आणि अकरानंतर डांबर तापतं. उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं, दोन-दोनच्या रांगेत. पहिल्याच्या आणि शेवटच्याच्या अंगात चमकणारं जाकीट, अंधारात शेवटच्याकडे लाल टॉर्च. पाण्याच्या एका लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी ढोसत राहिलेल्याला दुपारी गरगरतं आणि मग त्याला वाटतं की आपल्यावर पवित्र आत्मा उतरला.

आता पायांचं. कडेचा रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता असतो. त्यामुळे उजवा पाय बुटात सारखा बाहेर सरकतो, मोजा घामाने ओला असतो आणि टाचेच्या बाहेरच्या अंगाला फोड येतो. तो एकदम येत नाही. आधी तिथे गरम लागतं, आणि थांबायचं ते तेव्हाच. मोजा बदलायचा, व्हॅसलीन लावायचं, चिकटपट्टी मारायची. पण त्या वेळी तिसरं रहस्य, तेर्साच्या पाच भागांतला तिसरा, चालू असतं, रांग मोडायची नसते. धारगळच्या अलीकडे माझी टाच गरम झाली. धारगळ येईपर्यंत रुपयाएवढा पाण्याचा फोड तयार होता आणि पुढचं प्रत्येक पाऊल कोणीतरी चिमटा काढून मोजत होतं.

रांग पुढे गेली. भोंगा तर केव्हाच दिसेनासा झाला होता. रस्त्याला लागून एक पंक्चरचं दुकान होतं, पत्र्याचं, पुढे टायरचा ढीग. मी टायरवर टेकलो. आतून साठीच्या पुढचा एक माणूस आला, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. माझ्या हातातल्या माळेकडे पाहिलं, मग पायाकडे.

"हंयसर बस. बूट काड."

पंक्चर बघायच्या घमेल्यातलं पाणी त्याने ओतून टाकलं, नळाचं भरलं, साबणाची वडी दिली. पाय धुऊन झाल्यावर स्वतःच्या मांडीवर फडकं टाकून त्यावर माझी टाच घेतली. मला ते फार अवघड झालं. पुण्य गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हाही त्या बारा जणांच्या चेहऱ्यावर हाच अवघडलेपणा असतो, कारण घरून पाय घासूनपुसून आलेले असतात. माझे तसे नव्हते.

"फोडू नको," तो म्हणाला. बरोबर होतं. वरची कातडी शाबूत आहे तोवर आत घाण जात नाही. फारच ताणला, चालणंच बंद झालं, तर सुई स्पिरिटने पुसून कडेला दोन भोकं पाडायची, पाणी दाबून काढायचं, पण कातडी ओढून काढायची नाही. मधुमेह असलेल्याने तर हातच लावू नये, सरळ टेम्पोत बसावं. हे सगळं माहीत असणारा माणूस पंक्चरच्या दुकानात कसा, असं वाटलं. तेवढ्यात तो आत गेला आणि एक जुनी हवाई चप्पल घेऊन आला. टायर कापायच्या पात्याने तिच्या टाचेचा गोल तुकडा काढला, मधोमध फोडापेक्षा बोटभर मोठं भोक पाडलं. मग ते वेटोळं आडवं चिरून निम्मं पातळ केलं. ते फोडाभोवती बसवलं, भोकात फोड मोकळा. वरून चिकटपट्टी. बुटाचा दाब आता वेटोळ्यावर, फोडावर काही नाही. एवढ्या कामाला त्याने वीस-पंचवीस मिनिटं घेतली. पहिलं वेटोळं जाड झालं म्हणून फेकलं, दुसरं कापलं. मधे एक स्कूटरवाला हवा भरायला आला, त्याला थांबवलं.

काम करता करता बोलत होता. वारीत आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेला माणूस. तिथे पहिल्या दिवशी पाय कसे जातात, हे त्याने असं सांगितलं की मला माझ्या सत्तर किलोमीटरची लाज वाटावी. मग म्हणाला, "तुमची गाडी मगाशी गेली. टेप लावलेली." त्यात टोमणा होता की नाही कळलं नाही. संध्याकाळी तळावर चोपदार दंड उभारतो तेव्हा सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात, हे त्याने हात वर करून दाखवलं. ज्या दिंडीची काही तक्रार असते ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, काय झालं ते ऐकतो.

"तुमका गप कोण करता?"

मला उत्तर सुचलं नाही. पैसे त्याने घेतले नाहीत. उरलेली चप्पल मात्र जपून आत ठेवली.

कोलवाळच्या पुलापर्यंत मी एकटाच चाललो. एकट्याने तेर्स म्हणताना आपला वेग कळतो. अर्ध्या नमानीला सोळा-सतरा पावलं लागतात, उरलेल्या अर्ध्याला तेवढीच. लंगडत असलो तर जास्त वेळ, पण पावलं तेवढीच. मनात किराणा, वीजबिल, भावाशी झालेलं बोलणं येतच राहतं. त्याने मी पूर्वी घाबरत असे, आता नाही. घसरलेलं मन परत त्याच शब्दावर आणायचं, एवढंच काम. पाठ असल्याचा उपयोग इथे होतो: शब्द शोधावे लागत नाहीत, ते रुळासारखे समोर पडलेले असतात.

पाठांतराला नावं ठेवणारे आमच्यातही आहेत. तरुण मुलं म्हणतात, तेच तेच काय, मनातून येईल ते बोलावं. त्यांना सायबाचीच गोष्ट सांगायला हवी. 1542 च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले आणि रस्त्यातून घंटा वाजवत पोरं गोळा करू लागले. आज्ञा, प्रार्थना चालीवर म्हणवून घेत. पुढे तमिळ मुलखातल्या मोत्यांच्या किनाऱ्यावर गेले तेव्हा तमिळ येत नव्हतं. दुभाष्यांना बसवून प्रार्थनांचं भाषांतर करवलं आणि आधी स्वतः ते पाठ केलं. ज्या भाषेचं पुरतं आकलन नाही तिच्यात हा माणूस घोकंपट्टी करत होता, कारण समोर ऐकणारा कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. आमच्या बारा मिनिटांच्या तेर्सात समोर कोणीच नव्हतं, संपवायचं तेवढं होतं.

म्हापशाजवळच्या शाळेत मुक्काम. रात्री यावर बोलणं झालं, थोडं भांडणही. तीन गोष्टी ठरल्या. भोंगा बंद. म्हणणारा पुढे नाही, रांगेच्या मधोमध. पुढे असला की त्याचा आवाज रस्त्याकडे जातो आणि मागच्यांना फक्त ट्रक ऐकू येतात. आणि प्रत्येक दशकाआधी, म्हणजे दहा नमानींच्या भागाआधी, कोणीतरी एकाने एका माणसाचं नाव सांगायचं, मग शंभर पावलं गप्प.

'सगळ्या आजारी लोकांसाठी' म्हटलं की कोणासाठीच होत नाही. 'माझ्या मोठ्या काकीसाठी, तिला आता माणसं ओळखता येत नाहीत' असं म्हटलं की मागच्या मुलाच्या हातातला फोन खाली जातो. पण यातही बिघडतं. दुसऱ्या दिवशी एका बाईने दशकाआधी सुनेसाठी प्रार्थना मागितली आणि सुनेने काय काय केलं ते पर्वरीच्या चढापर्यंत सांगितलं. म्हणून एकच वाक्य, असा नियम. गप्प राहण्याच्या शंभर पावलांतही पहिल्यांदा निम्मे लोक खोकलेच.

त्याच रात्री झोपण्याआधी विवेकतपासणी. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या पद्धतीने: दिवसाबद्दल आभार, प्रकाश मागणं, सकाळपासूनचा दिवस तासातासाने बघणं, क्षमा, उद्याचा एक निश्चय. चाललेला माणूस तिसऱ्या पायरीवर घोरायला लागतो. शाळेच्या वर्गात एकाने बेंचवरच अंग टाकलं. इग्नेशियसने ही तपासणी दुपारीही करायला सांगितली आहे, ते आपण सोईस्कर विसरतो. वारीत दुपारीच करावी, जेवणाआधी, उभ्याने.

कुमसाराची, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायची, रांग जुन्या गोव्यात लावू नये, असं माझं मत आहे. तिथे इतकी गर्दी असते की शाळेतल्या पहिल्या कुमसारात शिकलेली यादीच तोंडातून निघते: खोटं बोललो, रागावलो, मीस (चर्चमधली मिस्सा) चुकवली. आमचे फादर गळ्यात कुमसाराची जांभळी स्टोला, म्हणजे लांब पट्टी, घालून सगळ्यात मागे चालत होते. ज्याला जायचं त्याने मागे राहायचं, बाकीच्यांनी वीस पावलं पुढे सरकायचं. निघतानाच त्यांनी सांगितलं होतं, प्रत्येक पापापुढे 'कोणाशी' हे स्वतःला विचारून या. रागावलो, कोणाशी? एवढ्याने यादी मोडते. काहींना ते आवडलं नाही, ते जुन्या गोव्याला सायबाच्या बासिलिकेतच गेले.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मारियेला, नमस्कार केला. ती शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानली जाते, त्यामुळे तेल घेऊन आलेली हिंदू माणसंही होती. पर्वरीचा चढ, धूळ, गाड्या. मांडवीचा पूल. रायबंदरचा बांध. तीन किलोमीटरचा, 1630 च्या दशकातला, अजून त्यावरून बस जाते.

तिथे चहाचं लक्षात ठेवावं. कम्युनियनच्या, म्हणजे मीसमधला ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, आधी एक तास पाणी आणि औषध सोडून काही घ्यायचं नाही. गर्दीत मीस कधी सुरू होईल आणि आपण रांगेत कधी पोचू याचा हिशेब लागत नाही, म्हणून रायबंदरला पोटभर खाऊन घ्यावं आणि पुढे पाणीच. पायी आलोय म्हणून वडापावाला सूट मिळत नाही. एकाने शेवटच्या वळणावर भजी घेतली आणि मग घड्याळ बघत मांडवाबाहेर उभा राहिला. नियम पाळण्यासाठी थांबला हेच मला बरं वाटलं; पूर्वी असं कोणी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

जुन्या गोव्याबद्दल काय लिहायचं. नोवेनचे, म्हणजे सायबाच्या फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, दिवस, माणसांचा समुद्र, मेणबत्त्या विकणारे अंगावर येतात. बासिलिकेत उजव्या हाताच्या चॅपेलमध्ये, टस्कनीच्या ड्यूकने दिलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर, चांदीची पेटी उंचावर. खालून सायब दिसत नाही, पेटीच दिसते. दहा वर्षांनी प्रदर्शन होतं तेव्हाच ती खाली येते. स्वयंसेवक 'चला, चला' करत होते. माझ्या पुढच्या माणसाने दोन्ही हात वर करून फोटो काढला आणि मान न वाकवता पुढे सरकला. राग आला. मग माझी पाळी आली, आणि भावाचं नाव आठवलं, ज्याच्यासाठी कोणत्याच दशकात मी नाव घेतलं नव्हतं. ते घेईपर्यंत स्वयंसेवकाने खांद्याला हात लावून पुढे ढकललं.

बाहेर मांडवात पुढच्या मीसच्या आधीचा तेर्स चालू होता. हजारो माणसं, लाऊडस्पीकर, आणि वेग तोच बारा मिनिटांचा. मी सोळा पावलांनी म्हणत राहिलो, म्हणजे जागच्या जागी एका पायावरून दुसऱ्या पायावर. सगळ्यांची लादाईन आली तेव्हा मी चौथ्या दशकात होतो. शेजारच्या आजींनी डोळे वटारले.

परतीला टेम्पोत भोंगा पुन्हा लागला, या वेळी कांतारं. सगळे गायले. मीही गायलो, खाजं खात. पणजीच्या स्टँडपाशी फोड फुटला. स्वच्छ पाण्याने धुतला, कातडी तशीच ठेवून वरून जाळीची पट्टी बांधली, रोज बदलायची. आठवडाभर बंद बूट नाही. रविवारी मीसला चपला घालून गेलो तर मागच्या बाकावरचे काका कुजबुजले, देवळात हे काय. त्यांना पाय दाखवला नाही.