सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव चढेपर्यंत

डोंबिवली पूर्वेला आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत आहे. खाली पाच दुकानं, वर अठरा बिऱ्हाडं. 1980 च्या दशकाच्या शेवटी बांधलेली, त्यामुळे लिफ्टचा प्रश्न नाही आणि लिफ्टवरून भांडणंही नाहीत. ती कसर पार्किंग, कबुतरं आणि टाकीचं पाणी भरून काढतात. सोसायटी रीतसर नोंदलेली, शेअर सर्टिफिकेट प्रत्येकाच्या कपाटात, दरवर्षी ऑडिट. फक्त इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचा सातबारा मूळ मालकांच्या वारसांच्या नावावर होता. बिल्डरने त्यांच्याकडून विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन इमारत बांधली, फ्लॅट विकले आणि तो मोकळा झाला. आमच्या भागात अशा इमारती पैशाला पासरी आहेत.

कायद्यात याची सोय पहिल्यापासून आहे. 1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियमाप्रमाणे, म्हणजे ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात त्याप्रमाणे, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. ती त्याने करून दिली नाही तर सोसायटीने काय करायचं, याचं धड उत्तर मात्र 2008 च्या दुरुस्तीने आलं. सोसायटीने सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते सक्षम प्राधिकारी म्हणून सुनावणी घेतात, आणि बिल्डर आला नाही किंवा नाही म्हणाला तरी एकतर्फी आदेश देऊ शकतात. हेच मानीव अभिहस्तांतरण. हा शब्द आमच्याकडे कोणीही एका दमात म्हणू शकलं नाही, म्हणून आम्ही डीम्ड कन्व्हेयन्सच म्हणत राहिलो.

हे आम्ही करायला घेतलं तेव्हा मी नुकतीच सेक्रेटरी झाले होते. विषय सभेत मांडला आणि पहिला प्रश्न आला तो पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तर काकांचा: "इतक्या वर्षांत कुणी हुसकावलंय का आपल्याला? मग आत्ताच कशाला?" प्रश्न बरोबर होता. रोजच्या जगण्यात कन्व्हेयन्स नसल्याने काही अडत नाही. अडतं ते इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की. तेव्हा वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे त्या जमिनीवर जादा बांधता येणारी जागा, कुणाच्या हक्काची, यावर कागदोपत्री मालक हक्क सांगतो आणि त्याला डावलून पुढे जाता येत नाही. हे मी सांगत होते, तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे माझं घर सोसायटीच्या नावावर होणार? मी नाही देणार."

ही भीती एकट्या आजींची नव्हती, बोलून फक्त त्यांनी दाखवली. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होते, घराचा हक्क करारनाम्याने आणि शेअर सर्टिफिकेटने तुमच्याकडेच राहतो, हे मी जिन्यात, गच्चीवर, दूधवाल्यासमोर, जमेल तिथे सांगत फिरले. शेवटी माझ्यापेक्षा उपयोगी पडला शेजारच्या इमारतीचा सातबारा. त्यांचं काम आधीच झालं होतं. त्यांच्या उताऱ्याची प्रत नोटीस बोर्डावर लावली आणि शेजारी त्यांच्या एका सभासदाने त्यानंतर विकलेल्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे विक्रीच्या नोंदणीचा सरकारी उतारा. घर विकता येतं, नाव आपलंच राहतं, हे डोळ्यांनी दिसल्यावर आजींनी विषय सोडला.

दुकानवाल्या शेठचं म्हणणं वेगळंच. दुकानासमोर त्यांनी वाढवलेला ओटा आहे, फरशी लावलेली, वर पत्रा. मोजमाप झालं की ओटा जाईल, ही त्यांची खरी अडचण. पण सभेत ते बोलले ते खर्चावर: "ज्याचं क्षेत्र जास्त त्याने जास्त भरायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

या एका वाक्यावर दोन सभा गेल्या. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली, त्याप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का. पण वकील, आर्किटेक्ट, जाहिराती, नोंदणी यांचा खर्च कसा वाटायचा ते सर्वसाधारण सभेने ठरवायचं. लहान घरवाले म्हणाले चौरस फुटावर, मोठे म्हणाले समान. जमीन सगळ्यांची म्हणून समान, आणि उद्या पुनर्विकासात ज्याला जास्त जागा मिळणार त्याने जास्त द्यावं म्हणून चौरस फुटावर, दोन्ही युक्तिवाद पटण्यासारखे होते. म्हणून निकाल लागेना. शेवटी अर्धा खर्च समान आणि अर्धा क्षेत्रफळावर, असा ठराव झाला. कुणीच खूश झालं नाही, त्यामुळे तो टिकला.

त्याआधी रीत म्हणून बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आलो. सही करायला त्यांची ना नव्हती, फक्त चौरस फुटामागे दर होता. आमच्या वकीलबाईंनी तो ऐकून वही मिटली आणि बिल्डरला रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली.

मग सुरू झाली कागदांची गोळाबेरीज. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा, मंजूर नकाशा, विकसन करारनामा, सभासदांची यादी, सर्वसाधारण सभेचा ठराव, आर्किटेक्टचा दाखला. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला पालिकेने दिलेला दाखला, कुणाकडेच नव्हतं, पण त्याशिवायही स्वयंघोषणापत्र देऊन अर्ज करता येतो. सगळ्यात दमवलं ते प्रत्येक घराच्या मूळ करारनाम्याने आणि इंडेक्स टूने. सभासद हजार रुपये मेंटेनन्स पटकन देतो, पण करारनामा हातातून सोडत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत होता, लग्नाच्या शालूच्या घडीत. कोपऱ्यातली टाचणी गंजून कागदाला तपकिरी डाग पडलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि शेवटच्या पानावर आजोबांची सही. झेरॉक्सला मी एकटीने नेलेला त्यांना चालणार नव्हता. त्या नातवाला घेऊन माझ्याबरोबर दुकानापर्यंत आल्या आणि यंत्राच्या काचेवरून पान उचललं की लगेच मोजून ठेवायच्या. एक सभासद न्यू जर्सीला असतात. त्यांनी स्कॅन पाठवला त्यात एक आड एक पान उलटं होतं, पण पाठवला.

दोन करारनाम्यांवर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं निघालं. एरवी इथे काम महिनोन्महिने लटकलं असतं, कारण दंडासह रक्कम कुणी भरायला तयार झालं नसतं. पण डिसेंबर 2023 मध्ये सरकारने मुद्रांक शुल्काची अभय योजना आणली. 2000 सालापर्यंतच्या दस्तांत भरायचं राहिलेलं शुल्क एक लाखापर्यंत असेल तर शुल्क आणि दंड दोन्ही माफ. आमचे दोन्ही दस्त त्यात बसले. तरी त्यातले एक गृहस्थ अडून बसले होते: "आज माफ करतात, उद्या यादी काढून मागे लागतील." पोस्टमास्तर काकांनी त्यांना सुनावलं, "तुमचं नाव यादीत आधीपासून आहे, आता निदान माफीच्या यादीत जाईल." हेच काका सुरुवातीला आत्ताच कशाला म्हणत होते. त्यांचं मत कधी फिरलं ते मला कळलं नाही. त्यांनाही विचारलं नाही, उगाच परत फिरायचं.

अर्ज नमुना सातमध्ये, त्यावर दोन हजारांचं कोर्ट फी तिकीट. आधी ऑनलाइन भरायचा, मग कागदांचा संच कार्यालयात. प्रतिवादी म्हणून बिल्डर आणि सातबाऱ्यावरचे सगळे वारस. वारसांपैकी काहींचे पत्ते तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे, नोटिसा परत आल्या. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस.

सुनावणीला बिल्डरकडून कुणी आलं नाही. वारसांपैकी एक म्हातारे आले, पांढरी टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा. आमच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कुजबुजल्या, "हे आता पैसे मागणार." शिपायाने नाव पुकारल्यावर म्हातारे उठले आणि पैशांचं अक्षरही न काढता बोलले, "साहेब, इमारत त्यांची आहे, त्यांना द्या. पण या हिश्शात आमचं घर पण आहे, विहीर पण आहे. ते नका देऊ."

त्यांचं म्हणणं कागदावर खरं होतं. सातबाऱ्यावर हिश्शाचं, म्हणजे सर्व्हे नंबरच्या त्या तुकड्याचं, क्षेत्र मोठं, आणि मंजूर नकाशात आमच्या इमारतीचा भूखंड त्याचा एक भाग. अर्जात सर्व्हे नंबर आणि हिस्सा लिहिला की वाचणाऱ्याला वाटतं सोसायटी अख्खा हिस्सा मागते आहे. वकीलबाईंनी तिथेच मंजूर नकाशावरचं क्षेत्र दाखवलं, आर्किटेक्टच्या दाखल्यातही तेच होतं. अधिकाऱ्यांनी म्हाताऱ्यांना जवळ बोलावून नकाशावर बोट ठेवून विहीर कुठे ते विचारलं. विहीर आमच्या रेषेबाहेर होती. ते "बरं" म्हणाले आणि सही करून निघून गेले. बाहेर वहिनींनी त्यांना चहा विचारला, त्यांनी घेतलाही. इतकी वर्षं ज्यांना आम्ही 'जमीनवाले' म्हणून नुसतं नावाने घाबरत होतो, त्यांची भीती आमच्यासारखीच निघाली, फक्त उलट्या बाजूने.

कायद्यात आदेशासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. आदेश आला म्हणजे काम संपलं असं आमच्या निम्म्या सभासदांना वाटलं आणि त्यांनी पेढे मागितले. पण आदेश हा निम्मा रस्ता. पुढे दस्ताचा मसुदा अभिनिर्णयासाठी, म्हणजे किती मुद्रांक शुल्क लागतं ते ठरवायला, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सभासदांनी आपापल्या घरांवर भरलेलं शुल्क तिथे धरलं जातं, म्हणून ते पुरावे इतक्या जिवावर उदार होऊन गोळा करायचे. भूखंडावर चटईक्षेत्र शिल्लक असेल तर त्यावर वेगळं शुल्क लागू शकतं. आर्किटेक्टचा दाखला स्वस्तातला घेऊ नका, हे मी आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सेक्रेटरीला सांगते, ते यासाठीच. त्यानंतर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, आणि मग तलाठ्याकडे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद. फेरफाराची नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहतात, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कुणाचीही हरकत आली नाही.

नव्या सातबाऱ्याची प्रत लावायला गेले तेव्हा बोर्डासमोर तिघे आधीच पार्किंगवरून वाद घालत होते. त्यांनी मला वाट दिली, प्रत वाचली, आणि एकाने विचारलं, "सोसायटी मर्यादित असं का लिहिलंय?" दुसऱ्याने उत्तर दिलं, "नावच तसं नोंदलंय." मग पुन्हा पार्किंग.

आमचं क्षेत्र अजून मोठ्या हिश्शाच्या आतच आहे. ते वेगळं दाखवायचं तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून पोटहिस्सा पाडून घ्यावा लागेल. मोजणीचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. अजेंडा वाटायला गेले तर शेठनी तो उभ्यानेच वाचला, गल्ल्यातून पेन काढलं आणि मोजणीच्या खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून कागद परत दिला: 'दुकानांपुढील ओट्यांबाबत चर्चा.'