त्रापानीचा किनारा: मीठ, कुसकुस आणि न झालेला रस्ता

इटलीच्या सिसिली बेटावर जाणारे बहुतेक प्रवासी एटना ज्वालामुखी आणि ताओर्मिना शहराकडे वळतात. आम्ही मात्र बेटाच्या पश्चिम टोकाला, त्रापानीत मुक्काम ठोकला. शहराच्या दक्षिणेला थेट मार्सालाच्या दिशेने मिठागरे पसरली आहेत. उन्हाळ्यात काढलेल्या मिठाच्या लांबट राशी पावसापासून वाचवण्यासाठी कौलांनी शाकारलेल्या असतात आणि एके काळी पाणी खेचणाऱ्या, मीठ दळणाऱ्या पवनचक्क्या बांधांवर अजून उभ्या आहेत. लगतच्या उथळ खाजणात वारा सतत वाहत असल्याने पतंगाच्या जोरावर पाण्यावरून सुसाट जाणाऱ्यांची तिथे गर्दी असते. त्याच खाजणातल्या मोत्सिया बेटावरचे फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांचे नगर इ. स. पू. ३९७ मध्ये सिराक्यूजचा सत्ताधीश डायोनिसियस याने उद्ध्वस्त केले. १९७९ साली तिथे सापडलेल्या संगमरवरी युवकाच्या अंगावरील तलम वस्त्राची एकेक चुणी पाहताना दगडाचा विसर पडतो.

जेवणात ट्युनिशियाचे शेजारपण जाणवते. इथले कुसकुस मटणाचे नव्हे, माशांचे. पसरट मातीच्या परातीत रव्यावर पाण्याचा हबका मारायचा आणि बोटे गोल फिरवत कण वळायचे, मग ते सच्छिद्र भांड्यात सावकाश वाफवायचे. पानात वाढल्यावर वरून माशांचा दाट रस्सा. कोकणी जिभेला तिखट कमी वाटेल, पण माशाची चव मसाल्याखाली दबत नाही, हे मान्य करावेच लागते. डोंगरमाथ्यावरचे एरिचे गाव देखणे आहे, मात्र दुकानांनी गजबजलेले. बदामाची मिठाई खाऊन आम्ही उतरलो.

खरा आनंद झिंगारो या किनारपट्टीवरच्या पायवाटेने दिला. इथे स्कोपेल्लो ते सान व्हितो लो कापो या गावांना जोडणारा किनाऱ्यालगतचा मोटाररस्ता होणार होता. मे १९८० मध्ये हजारो लोकांनी मोर्चा काढून तो अडवला आणि १९८१ साली हा भाग सिसिलीतले पहिले निसर्ग राखीव क्षेत्र झाला. रस्त्यासाठी खोदलेला छोटा बोगदा स्कोपेल्लोच्या बाजूला अजून आहे, आणि त्यातूनच सुमारे ७ किलोमीटरची वाट सुरू होते. खुज्या ताडांच्या झुडपांतून चालताना उजव्या हाताला समुद्र सतत दिसत राहतो आणि मधल्या छोट्या खडकाळ आखातांत उतरून पोहता येते. सावली जवळजवळ नाहीच. त्यामुळे मे किंवा सप्टेंबर गाठावा, भरपूर पाणी पाठीवर घ्यावे आणि सकाळी लवकर निघावे.