पुट्टीखालचा स्लॅब

मी स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारत किती मजबूत आहे ते तपासण्याची कामं करते, जास्त करून नवी मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांची. पावसाळ्यात वाशीच्या एका सोसायटीतून सेक्रेटरींचा फोन आला, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये बेडरूमचा स्लॅब पडलाय, बाईंना लागलंय, बाकीचं कितपत टिकेल ते आधी येऊन बघा.

गेले तर ढिगारा पलंगावर तसाच. ताईंच्या खांद्याचं हाड मोडलेलं, त्या हॉस्पिटलमध्ये, आणि त्यांचे मिस्टर तो ढिगारा गोणीत भरायला निघालेले. मी म्हटलं थांबा, एक तुकडाही टाकू नका. वर सळ्या उघड्या पडलेल्या, गंजाचे पापुद्रे सुटत होते. हातोडीने ठोकत गेले तर निम्म्या खोलीत बद्द आवाज, चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कली असेल तर गुलाबी होणारं रसायन, मारून बघितलं तर गुलाबी रंग आलाच नाही, म्हणजे सळीला गंजापासून वाचवणारी काँक्रीटमधली अल्कली संपलेली. अशी सळी गंजून फुगते आणि खालचं कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, ढकलून पाडते, आणि हे काही एका पावसात होत नाही, वर्षं जातात त्यात.

मग मी पडलेले तुकडे उलटेपालटे करून बघितले. वरून पांढरा रंग, त्याखाली पुट्टीचा जाड थर, आणि ती पुट्टी थेट भेगेत भरलेली, तिच्याखाली गंजाचे तपकिरी डाग. म्हणजे कोणीतरी भेग बघितली होती, डाग बघितले होते आणि वरून गुळगुळीत करून टाकलं होतं. मिस्टर म्हणाले, आम्ही राहायला आलो तेव्हा नुकतंच रंगकाम झालेलं, घर एकदम छान दिसत होतं. नंतर भेग परत दिसायला लागली तेव्हा त्यांनी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, उत्तर आलं, "बघतो".

मालक आले ते घाबरलेले होतेच, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं लिकेज आहे ना, त्यामुळे अचानक पडलं एवढं लिहून द्या. लिकेज होतंच, ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं, पण "अचानक" कसं लिहू? मग त्यांनी अ‍ॅग्रीमेंट काढलं, किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करायची म्हणे. स्लॅबच्या सळ्या किरकोळ? खरंच संताप आला मला, कारण त्या पलंगावर लहान मूल झोपलेलं असतं तर काय झालं असतं!

माझा रिपोर्ट पुढे ताईंच्या वकिलांकडे गेला. त्यांनी सांगितलं की लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याच्या अशा कराराला, १८८२ चा ईझमेंट कायदा लागतो आणि त्याच्या कलम ५७ मध्ये स्पष्ट आहे, जागेत धोकादायक दोष आहे हे देणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला माहीत नसेल तर तो सांगणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून त्यांच्यासाठी ती भेगेतली पुट्टीच सगळ्यात मोठा पुरावा ठरली. जुने भाडेकरू असतील त्यांच्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम १४ आहे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर दुरुस्ती मालकाची, आणि किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. पण सळ्या उघड्या पडल्यावर एवढ्या पैशात काय होणार? सैल काँक्रीट काढा, सळ्या साफ करा, कोटिंग करा, पॉलिमर मॉर्टर भरा, शिवाय वरचं लिकेज थांबवल्याशिवाय सगळं फुकट.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टेकू लावून घेतले आणि बेडरूमला कुलूप लावलं.

मालकांनी हॉस्पिटलचं बिल दिलं, डिपॉझिटही परत केलं. ताई डबे करून द्यायच्या, हात वर जात नाही म्हणून ते काम बंद पडलंय, त्याच्या भरपाईवरून बोलणी अजून चालू आहेत. बिल्डिंगला ३० वर्षं होऊन गेलीत, म्हणजे महापालिका कायद्याच्या कलम २६५अ प्रमाणे ऑडिट करायलाच हवं होतं, ते आता सुरू होतंय. भाड्याने दिलेले फ्लॅट आधी उघडून द्या, असं मी सेक्रेटरींना सांगून ठेवलंय, आणि नुकताच रंग लावलेले तर सगळ्यात आधी.