तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या घरी स्वयंपाक कोण करतं?

आठ मार्च जवळ आला की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमधून भाषणाची बोलावणी येतात. ठाण्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, बायकांच्या श्रमावर संशोधन करते, एवढी ओळख त्यांना पुरते. भाषणानंतर चहा घेताना कोणीतरी काका हसत विचारतातच, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

सांगते. सकाळच्या पोळ्या-भाजीला कळव्याहून एक ताई येतात. रात्रीचं नवरा बघतो. त्याची आमटी माझ्यापेक्षा बरी होते. पण तूरडाळ संपत आली, सिलिंडर नोंदवायचाय, उद्या ताईंचा खाडा आहे, हे सगळं अजूनही माझ्याच डोक्यात असतं.

प्रश्न खोचक असतो, कळतं मला. पुरुष प्राध्यापकाला तो कोणी विचारत नाही, हेही कळतं. (विचारून बघा एकदा.) तरी मला तो आवडतो, कारण माझा विषय तिथूनच सुरू होतो.

वर्गात मी मुलांना घरातल्या प्रत्येकाचा दिवस तासातासाने लिहून आणायला सांगते. वडिलांचा तक्ता पटकन होतो. आईच्या तक्त्याशी मुलं अडतात: कुकर लावलाय, मशीन फिरतंय, आजीला औषध द्यायचंय, धाकट्याचा अभ्यास चाललाय, आणि रकाना एकच! सरकारी पाहणीलाही ही अडचण चुकलेली नाही. 2019च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97. तीही फक्त घरकाम करणाऱ्यांची. पुरुषांत ते करणारे होते जेमतेम 26 टक्के. 2024च्या पाहणीत हेच आकडे 289 आणि 88 झाले. म्हणजे तफावत 202 मिनिटांवरून 201वर आली. पाच वर्षांत एक मिनिट. या आकड्यावर मुलं हसतात, मीही हसते.

पण काकांचा प्रश्न खरा टोचतो तो पुढे. माझ्या ताईंच्या घरी स्वयंपाक कोण करतं? त्याच करतात, माझ्याकडे यायच्या आधी, पहाटे. माझ्यासारखीला संशोधनाला वेळ मिळतो तो बराचसा त्यांच्या वेळातून. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980मध्ये संप केला, तेव्हा कुठे त्यांचं काम हे काम म्हणून बोललं जाऊ लागलं. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला 2008 उजाडलं. 2013च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने तर आपलं राहतं घरही त्यांचं कामाचं ठिकाण मानलंय. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. सोसायटीच्या फलकावर प्लंबरचा आणि लिफ्टवाल्याचा नंबर असतो, या समितीचा मी तरी पाहिलेला नाही.

मंडळाच्या नोंदणीसाठी "ही आमच्याकडे काम करते" एवढं लिहून मागितलं, तर मला भाषणाला बोलावणारी माणसंसुद्धा वकिलाला विचारून सांगतो म्हणतात.

म्हणून आता बोलावणं आलं की अट घालते: कार्यक्रम दुपारी तीनला ठेवा, कामाच्या बायकांची तेव्हा जरा उसंत असते, आणि त्यांच्यासाठीही खुर्च्या मांडा. काही सोसायट्या मांडतात. काहींचा पुन्हा फोन येत नाही.