बंद घरावरचा कॅमेरा इंटरनेटवर आणताना

कोकणातले घर वर्षातले बहुतेक महिने कुलूपबंद ठेवून मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी आता तिथे आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणारे कॅमेरे, बसवले आहेत. अंगण मोबाइलवर दिसू लागले की बसवणारा शिडी उचलतो. पासवर्ड मात्र बहुधा त्याने गावभर लावलेलाच असतो, आणि अ‍ॅडमिन खाते त्याच्या फोनवरही चालू राहते. हा पासवर्ड बदलून घेणे आणि नातेवाइकांना फक्त पाहण्यापुरते वेगळे खाते देणे हे पहिले काम.

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरातल्या उपकरणाकडे वळवणारे दार (पोर्ट) उघडून, कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा करणे ही, माझ्या मते, सर्वांत वाईट पद्धत आहे. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने टेलनेट (दुरून उपकरण चालवण्याची जुनी, असुरक्षित सोय) उघडे असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रे) हुडकून त्यांवर कारखान्यातूनच आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या लावून पाहिल्या आणि जी जोडी लागली तिने उपकरणाचा ताबा घेतला. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर, हल्ला चढवला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. मिराई केवळ मेमरीत राहत असल्यामुळे कॅमेरा बंद करून सुरू केला की पुसला जाई. पण पासवर्ड तोच असेल, तर लागण पुन्हा होई.

आपल्याकडच्या अनेक जोडण्या सीजीनॅटच्या मागे, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेच्या मागे, असल्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. त्यावर लोक चिडतात. मला ती इष्टापत्ती वाटते. घरात एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवून त्यावर टेलस्केल (आपल्याच उपकरणांना जोडणारे खासगी नेटवर्क, म्हणजे व्हीपीएन) चालवले आणि घरचे नेटवर्क त्यातून उपलब्ध करून दिले, की फोनवरून कॅमेऱ्याचा १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता उघडता येतो आणि बाहेरच्यांसाठी एकही पोर्ट उघडे राहत नाही. कॅमेऱ्याकडून आरटीएसपी या पद्धतीने येणारे चित्र सहसा एन्क्रिप्ट केलेले नसते. इथे घराबाहेर ते टेलस्केलच्या एन्क्रिप्टेड बोगद्यातूनच प्रवास करते. राउटरमधले यूपीएनपी (उपकरणांना आपोआप जोडून देणारी सोय) मात्र आठवणीने बंद करावे, कारण त्याच्या आधारे कॅमेरा न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतो.

गावाकडच्या बेताच्या अपलोडवर कॅमेऱ्याच्या मुख्य प्रवाहाचा, म्हणजे पूर्ण रिझोल्यूशनच्या चित्राचा, हट्ट धरू नये. फोनसाठी कमी रिझोल्यूशनचा दुय्यम प्रवाह (सब-स्ट्रीम) पुरतो. यानंतर कॅमेऱ्याचा इंटरनेटशी थेट संबंध राउटरमधूनच तोडून टाकावा. तसे केल्यावर त्याचे घड्याळ हळूहळू चुकू लागते आणि चित्रणावरची वेळ निरुपयोगी होते, म्हणून त्याच रास्पबेरी पायवर एनटीपी सर्व्हर (घड्याळ जुळवून देणारी सेवा) चालवून कॅमेऱ्याला त्याचा पत्ता द्यावा.